गाडी रस्त्यावर बसत नाही, तेव्हा

चिंचवडला एसकेएफची बेअरिंग बनतात, कुरुळीला गॅब्रिएलचे शॉकॲब्सॉर्बर आणि चाकणच्या एमआयडीसीत ब्रिजस्टोनचे टायर. गाडीला रस्त्याशी धरून ठेवणारं बरंचसं सामान या वीस-पंचवीस किलोमीटरच्या पट्ट्यात तयार होतं. वेगवान गाड्याही इथल्याच. मर्सिडीज-बेंझने २००९मध्ये चाकणला कारखाना थाटला आणि २०२०मध्ये भारतात जोडणी झालेली पहिली एएमजी, जीएलसी ४३ कूपे, तिथूनच बाहेर पडली. फोक्सवॅगनच्या चाकण कारखान्याचं उद्घाटन ३१ मार्च २००९ला झालं. पोलो जीटी तिथलीच, आणि आता दीड लिटर टर्बो इंजिनाची, १५० पीएसची व्हर्टस जीटीही तिथलीच. डीसी डिझाइनने २०१२च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत मांडलेली ‘अवंती’ ही दोन आसनी स्पोर्ट्स कारसुद्धा तळेगावला बनली.

त्यामुळे मोशी, भोसरी, निगडीच्या गॅरेजांत अशा गाड्या नेहमी दिसतात. काही नव्या असतात, पण बऱ्याचशा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आलेल्या. त्यांच्या मालकांची तक्रार ठरलेली: गाडी रस्त्यावर बसत नाही. ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग फार हलकं वाटतं, बोटभर वळवलं तरी गाडी हातभर सरकते. वळणात मध्येच ॲक्सिलरेटर सोडला, की गाडी मागून फेकते. मग कोणी स्टेअरिंग रॅक बदलायला सांगतो, कोणी नवे शॉकअप, तर कोणी सरळ महागडं कॉइलओव्हर किट. खर्च होतो आणि गाडी बिचकायची ती बिचकतेच.

अशा गाडीचा दोष क्वचितच स्टेअरिंगमध्ये असतो. तो टायरमध्ये, रबरी बुशमध्ये आणि बहुतेकांनी ज्याकडे पाहिलेलंच नसतं त्या मागच्या चाकांच्या कोनांमध्ये असतो. म्हणून तपासणी जमिनीपासून सुरू करून वर जावी. स्टेअरिंग रॅकवर शेवटी यावं.

स्पोर्ट्स कारला हे दुखणं लवकर का जडतं, तेही समजून घ्यायला हवं. साध्या कौटुंबिक गाडीचं स्टेअरिंग मुद्दाम थोडं सुस्त ठेवलेलं असतं, टायरच्या भिंती उंच असतात, बुश मऊ असतात. पाच-सात मिनिटांच्या कोनाची चूक त्यात मुरून जाते. स्पोर्ट्स कारचं स्टेअरिंग तेज असतं, टायर रुंद आणि बुटके असतात. अवंतीसारख्या गाडीत तर इंजिन चालकाच्या पाठीमागे, मागच्या आसाच्या पुढे असतं. वजन मध्यभागी गोळा झाल्यामुळे गाडी पटकन वळते आणि बिघडली तर पटकन हातातून सुटतेही. तिथे किरकोळ चूकसुद्धा थेट चालकाच्या हाताला कळते.

पहिलं काम म्हणजे तक्रार नेमकी काय आहे ते ओळखणं. ‘गाडी नीट चालत नाही’ एवढंच सांगितलं, तर मिस्त्री त्याच्या सवयीप्रमाणे अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून देणार. स्टेअरिंग ठरावीक वेगालाच थरथरत असेल, साधारण ऐंशी ते शंभरच्या दरम्यान, आणि पुढे-मागे थांबत असेल, तर दोष बॅलन्सिंगचा, वाकलेल्या रिंगचा किंवा रिंगच्या मधल्या भोकाचा. बाहेरून आणलेल्या अलॉयचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असतं. मध्ये बसणारी कडी घातली नसेल, तर चाक नटांच्या भरवशावर बसतं आणि कितीही बॅलन्स केलं तरी थरथर जात नाही. गाडी सतत एका बाजूला ओढत असेल तर ती गोष्ट वेगळी. ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल तर ब्रेकचा कॅलिपर अडकलेला असू शकतो किंवा लोअर आर्मचा मागचा बुश फाटलेला. वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ होत नसेल, तर बॉल जॉइंट किंवा स्ट्रटच्या माथ्यावरचं बेअरिंग जड झालेलं असतं. आणि स्टेअरिंग स्थिर धरलेलं असतानाही रस्त्याच्या उंचवट्यावरून जाताना गाडी दिशा बदलत असेल, तर ती या लेखातली खरी रोगी.

ट्रायल कुठे घ्यायची, हाही प्रश्न आहे. चाकणच्या तळेगाव चौकात किंवा शिफ्ट सुटायच्या वेळी पुणे-नाशिक महामार्गावर गाडीचं काहीच कळणार नाही. किवळ्याहून सुरू होणारा द्रुतगती मार्ग सकाळी लवकर, वारा नसताना, बरा. पण तिथल्या काँक्रीटच्या आडव्या खाचांमुळे टायरचा आवाज वाढतो, त्याला बेअरिंगचा आवाज समजू नये. शेजारून कंटेनर गेला की गाडी हलते, तीही वाऱ्याची झुळूक असते. वेगमर्यादा ओलांडायची काहीच गरज नाही, कारण दोष सत्तर-ऐंशीलाच दिसतो. दोन्ही हात हलके ठेवून सरळ जावं, मग ॲक्सिलरेटर अलगद सोडावा, पुन्हा द्यावा. सोडताना आणि देताना गाडीचं नाक दोन वेगळ्या दिशांना जात असेल, तर कुठला तरी बुश हलतो आहे हे नक्की.

यानंतर टायर. इथे घाई करू नये.

हवा थंड टायरमध्ये, म्हणजे गाडी दोन-तीन तास उभी असताना तपासावी. तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण दीड पीएसआय हवा वाढते. डिसेंबरच्या पहाटे निगडीत बरोबर भरलेली हवा एप्रिलच्या दुपारी पाच पीएसआय जास्त असू शकते. दाराच्या चौकटीवर किंवा इंधनटाकीच्या झाकणाआड कंपनीने हवेचे आकडे दिलेले असतात आणि ते बऱ्याचदा पुढे-मागे वेगळे असतात. पंपावरचा पोऱ्या चारही चाकांत एकच हवा भरतो, आणि तेवढ्यानेही गाडी बिचकायला पुरते. नंतर भिंतीवरचा डॉट कोड पाहावा. शेवटचे चार आकडे ३५२१ असतील, तर टायर २०२१च्या पस्तिसाव्या आठवड्यातला. नक्षी शिल्लक असली तरी जुन्या टायरचं रबर टणक झालेलं असतं. पुढे एका कंपनीचे आणि मागे दुसऱ्या कंपनीचे टायर, किंवा पुढे नवे आणि मागे झिजलेले, असा मेळ असेल तर आणखी काही शोधण्याआधी तो सुधारावा. चांगले टायर नेहमी मागे असावेत.

मग हात आत घालून टायरची आतली कड चाचपावी. बाहेरून टायर नवा दिसतो आणि आतून तारा निघालेल्या असतात, असं खाली बसवलेल्या गाड्यांत हमखास आढळतं. गॅरेजमध्ये म्हणतात, ‘टायर आतून खातोय.’ तळवा टायरवरून आधी पुढे आणि मग उलटा मागे फिरवावा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं, तर टो, म्हणजे चाकाच्या तोंडाचा आत-बाहेरचा कोन, चुकलेला आहे. वीतभर अंतरावर खळगे लागले तर शॉकअप मेलेले आहेत, चाक रस्त्यावर टणटण उडत होतं. मशीनवर गाडी चढवण्याआधीच टायर हे सगळं सांगून टाकतो.

ओढण्याची तक्रार असेल आणि टायर एकदिशी नक्षीचे नसतील, तर पुढची दोन चाकं आपसात बदलून पाहावं. ओढण्याची बाजू बदलली, तर दोष टायरचा आणि अलाइनमेंटचे पैसे वाचले.

आता गाडी वर घ्यायची. नुसत्या जॅकवर कधीच नाही. खाली घोड्या लावायच्या किंवा लिफ्टवर घ्यायची. चाक डाव्या-उजव्या बाजूंना, म्हणजे घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवावं. खटका लागला तर टाय रॉड एंड किंवा रॅकचा आतला जोड. वर-खाली, बारा आणि सहाच्या जागी धरून हललं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. या दोघांत फरक कसा करायचा? एकाला ब्रेक दाबून धरायला सांगावं. प्ले, म्हणजे हा ढिलेपणा, नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. त्यानंतर गाडी पिटावर, चाकं जमिनीला टेकलेली ठेवून, इंजिन चालू करून एकाने स्टेअरिंग बारीक-बारीक डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने खालून प्रत्येक जोडावर बोटं ठेवायची. डोळ्याला न दिसणारा प्ले बोटाला जाणवतो.

बुश मात्र हाताने कळत नाहीत. तिथे टॉमी लावून आर्म थोडा सरकवावा लागतो. चांगला बुश दबतो आणि परत येतो. फाटलेल्या बुशमध्ये रबर आणि लोखंड यांच्यात काळी फट उघडते. काही महागड्या गाड्यांत आत द्रव भरलेले बुश असतात. ते फुटले की खाली तेलकट काळा डाग दिसतो आणि बरेच मिस्त्री त्याला इंजिन ऑइल समजून पुसून टाकतात. स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढाही टॉर्च मारून बघावा. खड्ड्यात आपटून तो तुटतो, पण तुकडा बैठकीतच अडकून राहतो, म्हणून गाडी खाली बसलेली लगेच लक्षात येत नाही. बॉनेट दाबून गाडी किती वेळा झुलते ते पाहायची जुनी पद्धत स्पोर्ट्स कारला फारशी लागू पडत नाही, कारण तिच्या स्प्रिंग मुळातच कडक असतात. शॉकअपच्या नळीवर तेलाची हलकी ओल असेल तर काळजी नको. ओघळ आलेला असेल, तर दोन्ही बाजूंचे मिळून बदलावेत.

हे सगळं झाल्यावरच अलाइनमेंट. हा क्रम उलटा झाला की पैसे वाया गेले, कारण सैल जोडावर लावलेला कोन गॅरेजच्या फाटकापर्यंतही टिकत नाही.

अलाइनमेंटच्या कागदावर तीन शब्द महत्त्वाचे. टो म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांची तोंडं आत वळलेली की बाहेर. कॅम्बर म्हणजे समोरून पाहिल्यावर चाकाचा कल. कॅस्टर म्हणजे बाजूने पाहिल्यावर स्टेअरिंगच्या आसाचा मागे असलेला कल, जो स्टेअरिंगला सरळ परत आणतो. पुढच्या चाकांची तोंडं बाहेर असतील तर गाडी वळायला उतावीळ होते आणि सरळ रस्त्यावर सतत चुळबुळ करते. शर्यतीत काही जण मुद्दाम असं ठेवतात. चाकणहून रोज बाणेरला जाणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

पण खरा गुन्हेगार मागचा टो. मागच्या चाकांची तोंडं बाहेर वळली, की वळणात सगळा भार पेलणारं बाहेरचं मागचं चाक गाडीची शेपूट वळणाच्या बाहेर नेऊ लागतं. चालकाला वाटतं, स्टेअरिंग फार तेज झालं. प्रत्यक्षात गाडी मागून वळत असते. दोन्हींपैकी एकाच चाकाचा टो बिघडला तर गाडी थोडी तिरकी धावते आणि ती सरळ ठेवण्यासाठी स्टेअरिंग वाकडं धरावं लागतं. अशा वेळी फक्त पुढची चाकं लावून स्टेअरिंग सरळ करून देणं ही धूळफेक आहे. आधी मागची चाकं, मग पुढची, असाच क्रम हवा. किती लहान चुकीची गोष्ट आहे पाहा: सतरा इंची रिंगवर एक मिलिमीटरचा फरक म्हणजे जेमतेम आठ मिनिटांचा कोन, आणि तेवढाही हाताला जाणवतो.

पोलो किंवा व्हर्टसच्या मालकांना इथे हमखास एक उत्तर मिळतं: ‘मागे ॲडजस्टमेंट नाही, साहेब.’ ते खरं आहे. या गाड्यांत मागे टॉर्शन बीम असतो, बोल्ट फिरवून मागचा टो बदलता येत नाही. पण ॲडजस्टमेंट नाही याचा अर्थ मोजायचं नाही असा होत नाही. मागचा आकडा लाल रंगात आला, तर बीम वाकलेला आहे, बीमचे बुश संपलेले आहेत किंवा गाडी मागून ठोकलेली आहे. सेकंडहँड गाडी घेताना हा एक कागद शंभर आश्वासनांपेक्षा जास्त बोलतो. मल्टिलिंक असलेल्या गाड्यांत बोल्ट असतात, पण दोन-तीन पावसाळ्यांत ते गंजून जाम होतात. मग ‘बसत नाही’ म्हणून काम अर्धवट सोडलं जातं. तिथे आग्रह धरावा, बोल्ट कापून नवे टाकायला लावावेत.

खड्ड्यात चाक जोरात आपटलेलं असेल तर कॅस्टरची डावी-उजवी बाजू ताडून पाहावी. अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल, तर आर्म वाकला आहे किंवा सबफ्रेम सरकली आहे. मशीन नसेल तरी दोन्ही बाजूंना टायर आणि मडगार्ड यांच्यामधलं पुढचं-मागचं अंतर टेपने मोजून अंदाज येतो. टो मोजायलाही महागडं यंत्रच लागतं असं नाही. गाडीच्या दोन्ही बाजूंनी समांतर दोऱ्या ताणून, रिंगच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीचं अंतर पट्टीने मोजायची पद्धत रेसिंगमध्ये आजही वापरात आहे. फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांसाठी गाड्या बनवणाऱ्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या पोरांना ती तोंडपाठ असते.

मागचा भाग अस्थिर असला की काय होतं, याचा धडा मोठ्या कंपन्यांनीही घेतला आहे. १९९८ला आलेली ऑडी टीटी जर्मनीच्या महामार्गांवर जास्त वेगात दिशा बदलताना किंवा वळणात ॲक्सिलरेटर सोडताना मागून सुटू लागली, जीवघेणे अपघात झाले. कंपनीने विकलेल्या गाड्या परत बोलावून सस्पेन्शन बदललं, मागे स्पॉयलर बसवला आणि गाडी स्थिर ठेवणारं इलेक्ट्रॉनिक ईएसपी दिलं. त्याच्या आधी, ऑक्टोबर १९९७मध्ये मर्सिडीजची ए-क्लास स्वीडनमधल्या एका मासिकाच्या अचानक वळवण्याच्या चाचणीत उलटली. तिथेही सस्पेन्शनमध्ये बदल आणि ईएसपी हाच उपाय झाला. दोन्ही वेळी स्टेअरिंग रॅक बदलून काम भागलं नव्हतं.

आपल्याकडच्या बिचकणाऱ्या गाड्यांत मोठा वाटा हौसेने केलेल्या बदलांचा आहे. तीस-चाळीस मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंग टाकल्या की टाय रॉड आणि लोअर आर्म यांचे कोन एकमेकांशी जुळत नाहीत. चाक वर-खाली होताना स्वतःच वळतं, म्हणजे प्रत्येक खड्डा थोडं स्टेअरिंग फिरवतो. शिवाय मूळ शॉकअप तसेच ठेवले, तर ते वळणातच रबरी ठोकळ्यावर जाऊन आदळतात, त्या क्षणी ती बाजू एकदम कडक होते आणि टायर सुटतो. गॅरेजवाले याला पकड कमी म्हणून टायर बदलायला सांगतात. खरी गरज असते ती शॉकअपला वर-खाली व्हायला पुरेशी जागा मिळण्याची. स्पेसर लावून किंवा वेगळ्या ऑफसेटची रिंग टाकून चाक बाहेर काढलं, तर एक चाक खड्ड्यात गेल्यावर बसणारा हिसका वाढतो. जास्त रुंद टायर रस्त्यावरची चाकोरी धरतो. तळेगाव-चाकण रस्त्यावर अवजड वाहनांनी डांबरात पाडलेल्या खोबणींत हे लगेच अनुभवायला मिळतं. म्हणून सुटे भाग घेण्याआधी गाडी एकदा मूळ मापाच्या रिंग-टायरवर चालवून बघावी. मित्राकडून दिवसभरासाठी चाकं मागून आणली तरी चालतील.

बुश बदलताना होणारी एक चूक मात्र अनेक गाड्यांचा घात करते. लिफ्टवर चाकं लोंबकळत असतानाच आर्मचे बोल्ट पूर्ण आवळले जातात. गाडी खाली आली की आर्म वर जातो, रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. बोल्ट नुसते अडकवून, गाडी चाकांवर उतरवून किंवा आर्म जॅकने नेहमीच्या उंचीला आणून, मग टॉर्क पान्याने कंपनीने दिलेल्या आकड्यापर्यंत आवळावेत. काम सुरू होण्याआधीच मिस्त्रीला हे सांगून ठेवावं.

इलेक्ट्रॉनिक बाजू थोडक्यात. अलाइनमेंटनंतर स्टेअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणला नाही, तर गाडी सरळ जात असताना संगणकाला वाटतं वळते आहे, आणि ईएसपी एखाद्या चाकाचा ब्रेक क्षणभर दाबतं. चालकाला तो हिसका सस्पेन्शनचा वाटतो. चार टायरांचा घेर वेगवेगळा असला तरी असंच होतं.

काही दोषांसाठी मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. बॉल जॉइंटमध्ये प्ले, टायरला आलेला फुगा, तुटलेली स्प्रिंग, वेगाबरोबर वाढत जाणारी बेअरिंगची घरघर, यांपैकी काहीही आढळलं तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये, फ्लॅटबेड बोलवावा. बाकीची तपासणी पावसाळा संपला की, ऑक्टोबरमध्ये, एकदा करून घ्यावी. गॅरेजमधून निघताना अलाइनमेंटचे आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही कागद, चारही चाकांच्या आकड्यांसह, मागून घ्यावेत, आणि काढलेले जुने भाग डिकीत टाकून घरी आणावेत.